बरणीतलं विरजण

टाचणी पायात कधी घुसली ते मला कळलंच नाही. दुकान आवरून चप्पल काढायला गेलो, तर ती पायाला चिकटूनच बसली. म्हटलं, डिंकबिंक सांडला की काय. जोर लावून ओढली तेव्हा चपलेच्या तळातून वर आलेली टाचणी पायातून निघाली, चांगली लांबलचक. मी शिंपी आहे. टाचण्यांतच जन्म गेला, त्यामुळे टाचणी लागल्यावर कसा चटका बसतो ते मला कुणी शिकवायला नको. त्या दिवशी चटका बसला नव्हता, आणि खरं सांगतो, रक्तापेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

साखरेचा आजार जुना आहे. पायांची जाणीव कधी गेली ते समजलंही नाही, जुन्या कापडाचा रंग उतरतो ना, तसं. डॉक्टर सांगायचे, रोज आरशात तळवे बघत जा. मी म्हणायचो, या वयात तोंड बघवत नाही, तळवे कुठले बघतोय. असले विनोद करायला माझं काही जात नव्हतं तेव्हा.

टाचणी घुसली ती उजव्याच पायात, आणि उजवा पाय म्हणजे माझं दुकान. मशीन पायडलचं आहे. मोटर बसवा, मोटर बसवा म्हणून सगळे सांगून थकले, पण मोटर सुटली की सुटली. कॉलरच्या कोपऱ्यावर टीप कुठे थांबवायची ते माझ्या पायाला कळतं. बधिर झाला तरी पायडलवर ठेवला की तो आपलं काम विसरत नाही. तो गेला तर मी काज-बटणं करत बसणार, नाहीतर दुकानाच्या दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पँटी मापत बसणार, डोळ्यांनी. हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, आणि मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

"काही होत नाही," आमची ही म्हणाली. "लेप लावू."

ही म्हणजे माझी बायको. सगळ्या गल्लीची मावशी. कुणाला गळू आलं, कुणाचा हात भाजला, कुणाचं नख पिकलं, की सगळे आमच्या जिन्याने वर. ओली हळद, ठेचलेली लसूण, कुंपणावरच्या एका वेलाचा पाला, वर मध, आणि सैल करायला जरासं पाणी. असा तिचा लेप. मी स्वतः त्याने गळवं बसलेली पाहिली आहेत. आमच्या पोरीचं म्हणणं, त्यातली निम्मी लेपाशिवायही बसलीच असती. असतीलही. पण माणूस बरा झाला की जो समोर असेल त्यालाच श्रेय देतो, आणि समोर बहुतेक वेळा ही असायची, कमरेला पदर खोचून.

लेप ठेवायची एक पांढरी चिनी मातीची बरणी होती, सासूबाईंची. ती बरणी कधी रिकामी झालेली मी पाहिली नाही. लेप तळाला आला की ही नवा वाटायची आणि त्या जुन्यातच कालवायची. दह्याला विरजण लागतं तसं. "सगळा गुण त्या तळातल्या लेपात आहे," असं तिची आई सांगायची आणि तेच ही सांगायची. बरणी धुवायची म्हणजे गुण धुऊन टाकायचा. म्हणजे बघा, आमच्या लग्नाच्या आधीचा लेप, थोडा का होईना, माझ्या पायाला लागत होता. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

तिने रोज लेप लावला. बोटाने बरणीतून काढायची, जखमेवर पसरायची, कमी पडला तर परत बरणीत बोट. तिच्या बोटांचं मला काही जाणवायचं नाही, पण मी बघत बसायचो. तेवढा वेळ बरं वाटायचं.

जखम मात्र बरी होईना. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली टाचणीचं भोक होतं, त्याचा खड्डा झाला. बोट सुजून वांग्यासारखं झालं. सोडलेल्या पट्टीवर हिरवट निळे डाग पडायला लागले, आणि एक गोडसर वास.

"पाल्याचा रंग आहे," ही म्हणाली.

पण रंग ओळखणं हा माझा धंदा आहे. मुलांच्या विजारींवर पाल्याचे, गवताचे डाग मी पाहिलेत. वाळले की तपकिरी पडतात. हा डाग वाळूनही निळाच होता. मी पट्टी गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि मनाला म्हटलं, हळदीत मिसळून असा झाला असेल. भीती वाटली की माणूस स्वतःला काहीही पटवतो.

शेवटी पोरगी आली आणि तिने पाय पाहिला. आमची पोरगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. रोग्यांचे जंतू बशांमध्ये वाढवायचे आणि कुठल्या औषधाने ते मरतात ते बघायचं, हे तिचं काम. मी कपडे शिवतो, ती जंतू पाळते, घराण्याची प्रगती म्हणायची. तिने पाय हातात घेतला, वास घेतला, आणि तिचा चेहरा असा काही झाला की मी विनोद करायचं सोडून दिलं.

"बाबा, चप्पल घाला. आत्ता निघायचं."

सर्जन बाई अगदी तरुण होत्या. जखमेत एक सळई घालून बघितली, आणि कुठेतरी ती टक्क करून टेकली. आवाज मलाही ऐकू आला. "हाडापर्यंत गेलंय असं वाटतंय," त्या म्हणाल्या. एक्स-रे काढायला सांगितला, जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेतला, गोळ्या लिहून दिल्या. "रिपोर्ट आला की औषध बदलावं लागेल कदाचित. तोवर ताप आला, लाली वर चढली, तर वाट बघू नका. पसरलं तर बोटावर भागणार नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पुढचा अर्धा पाय," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून बोलल्या हे बरं केलं. मग विचारलं, "घरी काय लावत होता?"

ही पुढे सरसावली आणि लेपाची सगळी कथा सांगितली, सासूबाईंपासून. मला वाटलं, आता बाई फाडून खातील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "मध आम्हीही लावतो कधीकधी. पण तो जखमांसाठीच शुद्ध केलेला असतो, बंद ट्यूबमधला. हे आता बंद करा, मावशी."

घरी आल्यावर ही बोलली. "मध चालतो म्हणे, फक्त माझ्या हातचा चालत नाही."

"आई, तसं नाही," पोरगी म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "तुझं सगळं खोटं आहे असं मी कधीच म्हणत नाही. लसूण ठेचली की तिच्यातून जे निघतं त्याने जंतू मरतात, मी डोळ्यांनी बघितलंय. पण ते ताजं असतानाच, ठेवलं की उतरतं. हळदीचंही तसंच, बशीत बरी चालते, माणसांवर तपासली की तितकासा पुरावा मिळत नाही. बशीत मेलेला जंतू पायात मरेलच असं नाही ना."

"तेच म्हणते मी. माणूस म्हणजे बशी नव्हे."

"मग आपलं एकमत झालं," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

मग ही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुझ्या बशीत यांचे जंतू वाढणार आहेत ना? त्यांच्यावर डॉक्टरांची औषधं घालणार ना? मग तिथेच माझा लेप पण घाल. कळू दे काय ते."

मला वाटलं पोरगी नाही म्हणेल. ती आईकडे बघत राहिली, मग म्हणाली, "लॅबच्या मोठ्या मॅडमना विचारते. पण दोन लेप घेईन. एक आत्ता माझ्यासमोर वाटलेला, आणि एक बरणीतला."

"एकच आहेत ते."

"एकच असतील तर एकच उत्तर येईल."

ही लगेच वाटायला बसली. इतकं मन लावून लेप वाटताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पोरीने दोन छोट्या बाटल्या भरल्या, झाकणं घट्ट लावली, आणि निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळ्या वेळेवर घ्या. आणि लेप लावू देऊ नका."

मी लावू दिला नाही. म्हणजे, एकदा बरणी घेऊन ही आली आणि पायाशी बसली, तेव्हा माझं मन झालं होतं. गोळ्याही घ्याव्या, लेपही लावावा, काय बिघडतंय. पण दोन होड्यांत पाय ठेवायचा तर पाय तरी धड हवेत. "राहू दे आता," मी म्हणालो. ती बरणी घेऊन उठली. जाताना मागे वळून पाहिलं नाही, आणि मला उगाच अपराधी वाटलं.

रिपोर्टची वाट बघणं काय असतं ते मला विचारा. जंतूंना वाढायला वेळ लागतो म्हणे. इकडे माझ्या पायात त्यांना तो भरपूर मिळत होता. मी खडूने पायावर लालीच्या कडेला एक रेघ मारून ठेवली, कापडावर मारतो तशी. दुपारी बघितलं तर लाली रेघेच्या पुढे आलेली. पुसून नवी मारली. मग वाटलं, जुनी पुसायला नको होती, आता किती पुढे गेलं ते कसं कळणार. शाळेचे गणवेश अर्धे शिवून पडले होते. दुकानात जाऊन मशीनवर बसलो, पायडलवर पाय ठेवला, चाक अर्धं फिरलं, आणि पट्टीतून ओल बाहेर आली. मी पाय काढून घेतला. मशीनवर कापड टाकून ठेवलं, म्हणजे ते दिसायला नको. घरी परतल्यावर थंडी भरून आली आणि पांघरूण घेऊनही दात वाजायला लागले.

पोरगी तेवढ्यात आली. एप्रनही काढला नव्हता. "आई कुठाय?"

"खाली गेलीय कुठेतरी."

तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बाबा, उठा, ॲडमिट व्हायचंय. गोळ्या चालत नाहीयेत तुमच्या जंतूवर. एकच औषध नीट चालतंय, ते शिरेतून द्यावं लागतं. मी सर्जन बाईंशी बोलले." मग ती थांबली आणि फोन काढून एक फोटो दाखवला. बशीवर जंतूंची साय धरली होती आणि तिच्यात छोट्या चकत्या ठेवल्या होत्या. एका चकतीभोवती स्वच्छ गोल कडं पडलं होतं. "हे ते औषध. कडं म्हणजे तिथे जंतू मेलेत."

"आणि लेप?"

"ताज्या लेपाने लॅबमधल्या नेहमीच्या, साध्या जंतूच्या बशीत कडं पाडलं. बारीक, पण पाडलं. आईला हे सांगायचं मला. तुमच्या जंतूवर नाही पाडलं." तिने दुसरा फोटो दाखवला. "हा बरणीतला. नुसताच बशीवर घातला होता, जंतू न घालता."

बशीभर निळसर हिरवं पसरलं होतं. तो रंग मला ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या पट्ट्यांवरचाच तो.

"तोच?" मी विचारलं.

"तोच दिसतोय. दोन्हींवर चालणारं औषध एकच, न चालणारीही तीच. कोण कुणाकडून आलं ते यावरून सांगता येत नाही, बाबा. आई जखमेला लावलेलं बोट परत बरणीत घालायची. पायातून बरणीत गेला असेल. नाहीतर बरणीत आधीपासून असेल." तिचे डोळे भरून आले. "आईला सांगू नका. मी फक्त ताज्या लेपाचं सांगते. तुम्ही बरणी गुपचूप फोडून टाका, हातातून सुटली म्हणा. तिच्या आईची बरणी आहे ती. तिला हे सोसणार नाही."

मला पटलं. मनातल्या मनात मी बरणी पाडलीसुद्धा, आणि नंतर दोघांनी हळहळायचं तेही ठरवलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ही आत आली. तिच्या हातात बरणी होती.

"खालच्या बेकरीवाल्याचा हात भाजला," ती म्हणाली. "चांगला मनगटापर्यंत. लावून आले. बिचारा म्हणाला, मावशी, तुम्ही आहात म्हणून." शेवटचं वाक्य तिने पोरीकडे बघून म्हटलं.

पोरीने माझ्याकडे पाहिलं. ती नको म्हणत होती की सांगा म्हणत होती, मला कळेना, बहुतेक तिलाही कळत नव्हतं. माझे दात अजून वाजत होते.

"बरणी खाली ठेव," मी म्हणालो.

"का?"

"त्यात जंतू आहेत. माझ्या पायात आहेत तेच."

तिने बरणी ठेवली नाही, उलट पोटाशी धरली. पोरगी घाईघाईने बोलायला लागली, ताज्या लेपाचं, बारीक कड्याचं, आई तू वाटलेल्याने खरंच जंतू मेले ते. ही ऐकत होती असं वाटलं नाही.

"मग पायातून गेले असतील बरणीत," ती म्हणाली. "मी बोट घालायची."

"हो आई, तसंच असेल. तसंच झालं असेल."

"नाहीतर बरणीतून पायात गेले असतील," ती म्हणाली.

ती माझ्या पायाकडे बघत होती. सबंध संसारात मी तिला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ती खाली बसेल. पण ती वळली आणि बरणी घेऊन तशीच जिना उतरली.

मी भिंत धरत खिडकीपाशी गेलो. बेकरीच्या दारात नळ आहे. तिने बेकरीवाल्याचा हात नळाखाली धरला होता आणि लेप धुऊन काढत होती. गिऱ्हाईकं हातात पिशव्या घेऊन बघत उभी होती. ही बाई, जिने भाजीत मीठ जास्त पडलं तर तेसुद्धा कधी कबूल केलं नाही, ती चारचौघांत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, "माझ्या बरणीत घाण झालीय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा, हात धुऊन घे नीट, आणि माझा लेप लावला होता हे त्यांना सांग. लपवू नको." तो काहीतरी हसून म्हणाला. "हसू नको," ती म्हणाली. मग तिने तिथेच उकिरड्यावर बरणी उपडी केली आणि आतला लेप बोटाने नव्हे, काडीने खरवडून काढला.

मला त्याच संध्याकाळी ॲडमिट केलं. औषध शिरेतून सुरू झालं, ताप उतरायला वेळ लागला, आणि अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. बाकीचा पाय राहिला. "सध्या राहिलाय," असं सर्जन बाई म्हणाल्या, आणि हा 'सध्या' माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बेकरीवाल्याचा हात बरा झाला. तो मला हॉस्पिटलमध्ये हात दाखवायला आला तेव्हा ही खुर्चीतून उठून बाहेर गेली.

घरी आलो. रोजची पट्टी पोरगी येऊन करायची. ही गरम पाणी द्यायची, कापूस द्यायची, आणि दारात उभी राहायची. बरणी उकळून स्वयंपाकघराच्या खिडकीत उपडी ठेवली होती. लेप मागायला कुणी आलं तर ती दारातूनच परत पाठवायची. जेवणखाण, बोलणं, सगळं होतं तसं चालू होतं. फक्त माझ्या पायाला ती हात लावत नव्हती.

एक दिवस पोरीला ड्युटी बदलून मिळाली नाही. तिने फोनवर आईला सगळं परत समजावलं. हिने हात धुतले. साबणाने, कोपरापर्यंत, नळ चालू तो चालूच. तिचे हात लाल झाले. मग ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि हात हवेत धरून तशीच राहिली.

"माझ्याने नाही होणार," ती म्हणाली. "कुणाला तरी बोलवू."

"कुणाला बोलवतेस?"

"माझ्या हाताने अजून काही झालं तर?"

मला तिला धीर द्यायचा होता, पण धीर माझ्याकडेही फारसा नव्हता. जे होतं ते सांगितलं. "अगं, माझ्या पायाला काही कळत नाही. पट्टी तू करतेस की पोरगी करते, पायाला दोन्ही सारखंच. तरी इतके दिवस तुझा हात लागत नाही हे मला रोज कळतंय."

तिने पट्टीचं टोक शोधलं आणि जुनी पट्टी हळूहळू सोडवायला लागली, टीप उसवताना मी उसवतो तशी, कापड फाटू न देता. शेवटचा वेढा निघाला. तिने जखमेकडे पाहिलं नाही. पट्टी उचलून माझ्यापुढे धरली.

"तुम्हाला रंग कळतात," ती म्हणाली. "सांगा."

मी पाहिलं. "पांढरी आहे. जरा पिवळट, औषधाची."

"निळं नाही ना कुठे?"

"नाही."

"नीट बघा," ती म्हणाली. मी पट्टी तिच्या हातातून घेतली, खिडकीकडे वळलो, आणि उजेडात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत परत बघायला लागलो.